शेक आणि खोडवा

आमच्याकडे रेडिएशनला सगळे ‘शेक’ म्हणतात. सांगलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा तेच म्हणायच्या. या एका शब्दानं घरात केवढा घोळ घातलाय, ते साताऱ्यात बसून मला कळलं नव्हतं. मग वहिनीचा फोन आला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्रोस्टेटची गाठ होती. शेकाच्या दहा खेपा उरल्या होत्या, जुलाबांनी ते हैराण झाले होते आणि आता दवाखान्यात जाणार नाही म्हणून अडून बसले होते.

गावी पोचले तर आबा ओसरीवर तांब्याभर दूध पीत बसलेले. शेक म्हणजे उष्णता, आणि उष्णतेवर दूध-तूप, हे निदान त्यांनी स्वतःच केलं होतं. दवाखान्याच्या कागदावर दूध बंद असं स्पष्ट लिहिलेलं, पण तो कागद देव्हाऱ्यामागं सापडला. शेकानं आतड्याचं अस्तर दुखावलं की दूध पचत नाही, जुलाब वाढतात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी तांब्या उचलला तेव्हा हा जुना फौजी माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याची बंदूकच काढून घेतली.

मला स्वतःला त्या आतड्यानं पार झपाटलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर इतकं विचारायची की एकदा त्या हसून म्हणाल्या, पेशंट नक्की कोण? आतड्याचं अस्तर म्हणे आठवड्याच्या आत जुनं गळून नवं येतं. त्यात बारीक खळगे असतात, तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात आणि त्या नव्या पेशी तयार करून वर ढकलत राहतात. शेक गाठीवर देतात, पण थोडा शेजारच्या आतड्यालाही लागतो. त्यात बऱ्याच मूळपेशी मरतात. ज्या उरतात त्या पुन्हा सगळं भरून काढतात. त्याहून नवल म्हणजे, त्या कमी पडल्या तर वर निघालेल्या काही पेशी माघारी फिरतात आणि पुन्हा मूळपेशी होतात. हे मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते.

आबांना मी उसावरून समजावलं. ऊस तुटून गेला तरी जमिनीखालच्या बुडख्याचे डोळे फुटतात, खोडवा येतो, तसंच आतड्याचं. शनिवार-रविवार शेकाला सुट्टी असते, त्यात चांगल्या पेशी सावरतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग त्या सुट्टीत ती गाठबी फुटत असंल की गं."

इतकं विचारूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पुन्हा फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर विचारलं त्यांनी. गाठीच्या पेशीही सावरतात, पण चांगल्या पेशींइतक्या नीट नाही. दोन दिवस चालतं, सुट्टी लांबली की गाठीचं फावतं. आबांना घरी बसून पाच दिवस झाले होते.

त्यांना सगळं पटलं, पण जागचे हलेनात. मग माझा तोल गेला. फौजी म्हणवता आणि जुलाबाला भिता, असं नको ते बोलून बसले. वहिनी आत निघून गेली. आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "दवाखान्याच्या रांगेत पँट खराब झाली गं माजी. समद्या बायामाणसांम्होरं."

सत्तरी ओलांडली तरी आपल्या पँटीला स्वतः इस्त्री करणारा माणूस. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या आतड्याच्या खळग्यांपर्यंत मी जाऊन आले होते, पण हे विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पिशवीत दोन पँटी होत्या आणि डायपर, ज्याला आबांनी सांगली येईपर्यंत शिव्या घातल्या. मी रजा वाढवली. दूध बंद, मऊ भात आणि गोळ्या वेळेवर. दहाच्या दहा खेपा झाल्या. जुलाब लगेच थांबले नाहीत, काही आठवडे जातील असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं.

मी साताऱ्याला परतल्यावर एका दुपारी आबांचा फोन आला. एरवी ते कधी आपण होऊन फोन करत नाहीत.

"काल दिसभर पँट कोरडी हुती," एवढं म्हणाले आणि ठेवून दिला. स्टाफरूममध्ये मला रडू आवरेना, आणि शेजारच्या बाईंना कारण काही सांगता येईना.