कोपऱ्यातले पाच धान

विमलाबाई चर्चच्या फाटकाशी आली आणि थांबलीच. भाची मंजू दोन पावलं पुढं गेली होती, ती मागं वळली.

"काहून थांबली, मावशी? चप्पल तुटली का?"

"तूच पाहून ये. मी इथंच बसते."

"वा! घरी माह्याआधी तयार झाली, अन् आता नखरे!"

ते खरंच होतं. चर्चला लागून असलेल्या खोलीत पूजेच्या जुन्या वस्तू मांडल्यात, असं मंजूनं सांगितल्यापासून विमलाबाईचा जीव तिकडंच लागला होता. तीस वर्षांपूर्वी नवरा वारला आणि ती तिरोडीहून बालाघाटला आली, तेव्हा गोधड्या शिवण्यापलीकडं तिला काही येत नव्हतं. इथल्या म्हाताऱ्या फादरनं तिच्या दारात वाळत घातलेली गोधडी पाहिली, टाके निरखले आणि नाताळात घालायचा आपला पांढरा जरीचा झगा तिच्याकडं दुरुस्तीला दिला. बाई कोण्या धर्माची, हे विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर सिस्टर लोकांचं शिवण येत गेलं आणि तिची चूल पेटती राहिली.

पण तेव्हा तिच्या हातून एक चूक होऊन गेली होती. तिच्या माहेरी गोधडीचा शेवटचा कोपरा रिकामा शिवत नसत. पांघरूण उपाशी राहू नये म्हणून चिंधीत पाच धान, म्हणजे भाताचे दाणे, बांधून आत ठेवायचे. झग्याचं अस्तर बंद करतानाही हात सवयीनं चालला. झगा पोचवून घरी आल्यावर तिला उमगलं. दुसऱ्याच्या देवाच्या कपड्यात, न विचारता, आपला दाणा! उंदरानं कुरतडलं तर? बाटला म्हणाले तर? आज सांगू, उद्या सांगू करता करता फादरच देवाघरी गेले. तेव्हापासून रामापुढं दिवा लावला की ती त्यांच्यासाठीही हात जोडायची आणि माफी मागायची.

मंजूनं तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. लाकडी मूर्ती, पितळी समया, आणि शेवटच्या काचेच्या कपाटात तो झगा. खालचा कोपरा उसवलेला. शेजारी लाल चिंधी आणि पाच धान, सालासकट, जसेच्या तसे.

"धोने के लिए खोला, तब मिले," तिथं बसलेल्या सिस्टर शीला म्हणाल्या. "किसने रखे, पता नहीं. फेंकने का मन नहीं हुआ."

विमलाबाईनं काचेवर हात टेकला. "मीच ठेवले, सिस्टर. चूक झाली. फादरले सांगाचं राहून गेलं."

"पर क्यों रखे, अम्मा?"

"उपाशी राहू नये म्हणून."

मंजू हिंदीत समजावू लागली, पण सिस्टरनं तिला हातानंच थांबवलं. "इसमें चूक कैसी? हम भी तो वेदी पर रोटी ही रखते हैं." त्यांनी किल्ली काढून काच उघडली. "तीन बार सिलने बैठी, आपके जैसा टाँका नहीं आता. आप कर देंगी?"

"अन् दाणे?"

"अंदर. जहाँ थे."

मंजूनं सुई ओवून दिली. "मावशी, चष्मा लाव. नाहीतर बोटच शिवशील."

"हौ, शहाणे."

विमलाबाईनं झगा मांडीवर घेतला, आधी कपाळाला लावला. चिंधीची गाठ बांधली, कोपऱ्यात सरकवली.

"फादर, सांगून टाकलं बरं," ती हळूच म्हणाली आणि तिनं पहिला टाका घातला.