ओट्याचं गाऱ्हाणं

माझी आई चार फूट नऊ इंच आहे. ती स्वतः पाच फूट सांगते, आणि आमच्या घरात हा विषय कुणी वाढवत नाही. पण मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा बिल्डरने तिला न विचारता बांधला होता. तो जवळजवळ तिच्या कोपरापर्यंत यायचा. राहायला आलो त्याच दिवशी बाबांनी जेवायला बसायच्या पाटांपैकी एक उचलून ओट्यापुढे टाकला आणि म्हणाले, "तात्पुरता." तेव्हा मी दुसरीत होते. आता मला केस रंगवावे लागतात, आणि आई अगदी परवापरवापर्यंत त्याच पाटावर उभी राहून चपात्या लाटत होती.

फोडणीला वर, डब्यासाठी खाली, पुन्हा चपाती उलटायला वर, असा तिचा दिवसभर व्यायाम चालायचा. मग गेल्या मे महिन्यात ती पाटावरून उतरताना पडली. हातात आमटीचं पातेलं नव्हतं हे नशीब. मनगट मुरगळलं, कंबरेला मार बसला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं. "पुन्हा पडलात तर खुबा जाईल, आजी. यापुढे स्टुलावर चढायचं नाही."

"मी स्टुलावर चढतच नाही," आई म्हणाली.

घरी येताना रिक्षातच ठरलं की ओटा फोडायचा आणि आईच्या उंचीचा नवा बांधायचा. इतकी साधी गोष्ट. तिच्यासाठी आम्ही दोन महिने घातले आणि त्यातला बराचसा वेळ मी स्वतः वाया घालवला, हे आधीच कबूल करते.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो ओट्याकडे न बघता छताकडे बघत राहिला आणि फॉल्स सीलिंग करून टाकू म्हणाला. दुसऱ्याने ओट्याचा फुटामागे असा भाव सांगितला की बाबांचा चेहराच उजळला. मग तो एकेक बोट दुमडत मोजू लागला. सिंकसाठी भोक पाडायचे वेगळे, कडा गोल करायचे वेगळे, जुना ओटा फोडायचे वेगळे आणि फोडलेला खाली नेऊन टाकायचे वेगळे.

"मग या भावात येतं काय?" मी विचारलं.

"मी येतो ना, मॅडम," तो म्हणाला.

तिसरा आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये काम करत होता. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, खिशात दोन मोबाइल. आल्या आल्या त्याने ओट्यावर मूठ आपटली, "वाट लागलीय याची," म्हणाला आणि असा आकडा सांगितला की आमचीच वाट लागावी. पण माणूस कामाचा वाटला. मी पदर खोचला, म्हणजे ओढणी सावरली, आणि घासाघीस सुरू करणार एवढ्यात बाबांनी घात केला. त्यांनी त्याला विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

मालवणी माणसाने भाव ठरायच्या आधी हा प्रश्न कधीही विचारू नये. त्याचं गाव निघालं आमच्या गावापासून एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की पलीकडे. बाबांची आयुष्यभर ऑफिसात जपलेली शुद्ध मराठी क्षणात गळून पडली. "अरे, म्हणजे आपलोच माणूस!" कोकम सरबत आलं, खाजा आला, कुणाच्या तरी चुलत्याची चौकशी झाली. त्यानंतर पैशांचा विषय निघाला की बाबा पंख्याकडे बघायचे. फारच झालं तर, "बघ ना रे काहीतरी," एवढंच म्हणायचे. समोरचा काहीही बघत नसे.

आईची तर आणखीच तऱ्हा. स्टेशनबाहेर कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणणारी ही बाई, कॉन्ट्रॅक्टरसमोर अगदी पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी बसायची. "तुम्ही म्हणाल ते," असं म्हणून त्याच्यापुढे अजून एक लाडू सरकवायची.

म्हणून वाटाघाटी माझ्या गळ्यात पडल्या. मी त्या फार मनावर घेतल्या. चार बैठका झाल्या. मी व्हॉट्सअॅपवर दुसऱ्यांचे भाव मागवून त्याला दाखवायचे. तो ते नीट वाचायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ताई, बरोबर आहे. त्याच्याकडूनच करून घ्या ना मग." मी दार दाखवायचे, तो चपला घालायचा, आई त्याला चहासाठी परत बोलवायची. पाचव्या बैठकीत तो नमला.

"ताई, असं करा. खालच्या ट्रॉल्या रेडिमेड घ्या. स्टँडर्ड साइझमध्ये येतात. भावात पुष्कळ फरक पडेल."

मी त्यावर आणखी थोडं कमी करून घेतलं. वर चिमणी फुकटात बसवून देण्याचं कबूल करून घेतलं. त्याने तिथल्या तिथे फोनवर ट्रॉल्यांची ऑर्डर दिली आणि मी गड जिंकून आल्यासारखी स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर उभी राहून कोलंबी साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"छान झालं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "फक्त हा पाट भंगारात देऊ नका हां."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रेडिमेड ट्रॉल्या स्टँडर्ड उंचीच्या, म्हणजे ओटाही स्टँडर्ड उंचीचा. जुना तेहेतीस इंच होता. मी दोन महिने भांडून आईसाठी चौतीस इंचांचा ओटा आणला होता. आईला ते एका क्षणात कळलं होतं, आणि मुलीचा आनंद मोडायला नको म्हणून ती कोलंबीचे धागे काढत राहिली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

बाहेर आल्यावर त्याला फोन लावला.

"ऑर्डर गेली ना, ताई," तो म्हणाला. "आणि ठेंगणा ओटा कशाला बनवताय? उद्या फ्लॅट विकायला काढलात तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"आम्हाला फ्लॅट विकायचाच नाहीये."

"सगळे असंच म्हणतात."

मग त्याने कारणांचा पाढा वाचला. ट्रॉल्या कापाव्या लागतील, कापल्या की गॅरंटी जाईल, सिंकचा पाइप खाली घ्यावा लागेल, चांगला मिस्त्री असल्या कामाला हात लावत नाही. "त्यापेक्षा काकींना छान लाकडी पायरी बनवून देतो. पैसे नको त्याचे." म्हणजे पाटच, फक्त पॉलिश केलेला. मी ओरडले, तोही ओरडला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बघ ना रे काहीतरी."

काम सुरू करायचा मुहूर्त बाबांनी कॅलेंडर बघून गुरुवारचा काढला होता. बुधवारी जेवताना आई म्हणाली, "राहू दे आता. मी पाटाला खालून रबर लावून घेईन, म्हणजे सरकणार नाही." बाबांनी मान डोलावली. गुरुवारी तो आला की त्याला दारातूनच परत पाठवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मग ओटा नाही झाला तरी चालेल.

गुरुवारी सकाळी तो आला, बरोबर बिहारचा एक वयस्कर मिस्त्री आणि मोठा हातोडा. मी दारात उभी राहिले, पण त्याच्या हातात नारळ होता. नारळ घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी बाजूला झाले. बाबांनी ओट्यावर विडा मांडला, उदबत्ती लावली, डोक्यावर टोपी घातली आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाकडे मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा "व्हय म्हाराजा" म्हटलं की ते देवासमोरचं कबूल. त्यात मागेपुढे नाही.

बाबांचा एक गुण मला त्या दिवशी कळला. त्यांना माणसांशी घासाघीस जमत नाही, देवाशी उत्तम जमते. डोळे मिटून त्यांनी असा आवाज लावला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात ओट्याचा काम सुरू होता हा. ता काम गणपतीच्या आधी पुरा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. कॉन्ट्रॅक्टरही भक्तिभावाने म्हणाला.

"ठरलेलो भाव मधीच वाढूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे त्याचा आवाज जरा उतरला.

"जा ग्रॅनाइट दाखवल्यान, ताच लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..." त्याने एक डोळा उघडून बाबांकडे पाहिलं. मिस्त्री मात्र दर वेळी खणखणीत आवाजात "हां महाराज!" म्हणत होता.

पण कॉन्ट्रॅक्टरही त्याच मातीतला. बाबा श्वास घ्यायला थांबले तशी त्याने संधी साधली. "आणि मालकाकडसून सामानाचे पैसे येळार मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा सवयीने बोलून गेले.

"आणि मालकाच्या लेकीक रोज नवी टाईल आठवूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मोठ्याने कुणी म्हटलं असेल तर ते माझ्या वडिलांनी.

बाबा नारळ उचलणार एवढ्यात मागून आवाज आला. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आईला तर मी घरात चार माणसांसमोर मोठ्याने काही मागताना कधी पाहिलंच नव्हतं. ती पाटाच्या बाजूला उभी होती, डोळे मिटून, बँडेज बांधलेला हात दुसऱ्या हाताला जोडून.

"आणि ओटो माझ्या उंचीचो होवंदे," ती म्हणाली. "माका आता पाटार चढूक लावू नको रे म्हाराजा."

मी कॉन्ट्रॅक्टरकडे बघत होते, तो आईकडे बघत होता. मग बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांचा आवाज मघासारखा नव्हता. मी म्हटलं. मिस्त्रीने "हां महाराज" म्हटलं. आणि शेवटी, जुन्या ओट्यावरच्या उदबत्तीकडे बघत, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. कॉन्ट्रॅक्टर कपाळावर हात मारून खाली बसला. "काका, ह्या काय केलात? कागदावर सही घेतली असतीत तर बघून घेतलं असतं मी. आता जाऊ कुठे?"

त्याने दुकानदाराला फोन लावला, शिव्या खाल्ल्या आणि ट्रॉल्या चेंबूरच्या एका गिऱ्हाइकाकडे वळवल्या. आमच्यासाठी नव्या बनवायच्या ठरल्या. वरचा खर्च अर्धा त्याने सोसला, अर्धा आम्ही, कारण त्याबद्दल गाऱ्हाण्यात कुणीच काही बोललं नव्हतं.

मग त्याने आईला भिंतीपाशी अनवाणी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि टेप लावली. आईने हळूच टाचा उचलल्या. मला दिसलं, पण परक्या माणसासमोर आईचा पाणउतारा कसा करायचा? त्याने खाली पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि पेन्सिलीने भिंतीवर आकडा लिहिला.

"पाच फूट असाल ना, काकी?"

"आहेच," आई म्हणाली आणि खूश होऊन चहा ठेवायला गेली.

तो निघाला तशी मी लिफ्टपर्यंत त्याच्यामागे धावले. "अहो, तिने टाचा..."

"दोन इंच कमी लिहिलंय, ताई," तो म्हणाला. "माझी आईपण तसंच करायची."

दोन महिने ज्याने मला एक रुपया सुखासुखी सोडला नव्हता त्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून थँक्यू म्हटलं.

गणपतीच्या दोन दिवस आधी ओटा झाला. मला तिथे चहा करताना वाकावं लागतं आणि पाठ भरून येते. आई पहिल्यांदा ओट्यापुढे उभी राहिली तेव्हा तिने पोळपाट मांडला, पिठात हात घातला आणि मध्येच थांबून पायांकडे बघू लागली.

"लादी किती गार असते गं ही," ती म्हणाली.

बाबा लगबगीने पायपुसणं आणायला उठले.

"नको," आई म्हणाली. "राहू दे जरा."