हरणांच्या पट्टीतली हराळी

करमाडच्या रानात धाकट्या भावाचं आणि माझं शेत शेजारी-शेजारी आहे, मध्ये एक बांध. मी राहतो शहरात, गारखेड्यात, नोकरी करतो, रविवारी रानात जातो. धाकटा तिथंच असतो आणि आमचे वडील, आबा, त्याच्यापाशी. हे मी सहज लिहितोय, पण मला ते कधी सहज वाटलं नाही.

हरणं त्याच्या तुरीचे शेंडे खाऊन जायची. राखण करून कंटाळला तेव्हा त्यानं बांधालगतची एक पट्टी त्यांच्यासाठीच सोडली. तिथं त्यांच्यापुरता हरभरा पेरला. हरणं पट्टीत थांबायला लागली, तूर बऱ्यापैकी वाचली. आबा रोज दिवस कलला की बाज टाकून त्यांना बघत बसायचे. मी रविवारी पोचलो की म्हणायचे, "बस. गप बस. पाडस आलंय." बोट धाकट्याच्या रानाकडं. माझ्याकडं मान वळायची नाही.

मला ती बाज माझ्या रानात हवी होती. पन्नाशीला आलेल्या माणसानं असलं काही मनात धरावं? मी धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात मीही पट्टी सोडली. धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या रानात हराळी लई आहे. नांगरून ढेकळं तापू दे, मातीतल्या मुळ्या, काशा सगळ्या वेचून काढ. मग पाणी देऊन उरलंसुरलं तण उगवू दे, त्याच्यावर वखर फिरव. रोटावेटर तेवढा घालू नको."

"तू शिकव आता मला," मी म्हणालो. "एका रविवारात होतं की काम."

आणि रोटावेटर घातला. माती पिठासारखी झाली. मी फोटो काढून बायकोला दाखवले. हराळीच्या काशांचे बोटाबोटाएवढे तुकडे झाले होते, आणि प्रत्येक तुकडा फुटला. पावसाळा सरता सरता माझी पट्टी एकजात हराळीची झाली. हरभरा पेरायला जागाच राहिली नाही.

तिचे धुमारे बांध चढून पलीकडं उतरताना मला दिसले. तेव्हा वाकून उपटता आले असते. मी हात खिशात घालून उभा राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दिवाळीनंतर गेलो तर आबा धाकट्याच्या पट्टीत उकिडवे बसून खुरप्यानं काशा काढत होते. त्यांचे गुडघे दुखतात. धाकटा बाजूला उभा.

"अरं, वेचल्या म्हणतूस ना? मग ही कुठून आली? आळस केलास तू."

"राहिल्या असतील, आबा," धाकटा म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आबांनी त्याला बोल लावावा, याची मी किती वर्षं वाट बघत होतो. आणि तो असा मान खाली घालून माझा बोल स्वतःवर घेत होता. त्याच्या त्या चांगुलपणाचासुद्धा मला हेवा वाटला.

"आबा, माझ्या रानातून आलीय ती," मी म्हणालो. "बांध चढून येताना बघितली होती मी. काढली नाही."

आबा खुरपं थांबवून माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ. इतका वेळ त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं असेल, आठवत नाही.

"का रं?" ते म्हणाले.

"तुम्ही इकडंच बसता म्हणून."

धाकट्यानं हात दिला, त्याला धरून आबा उठले. मी खुरपं घेतलं.

आता माझे रविवार काशा काढण्यात जातात. आधी त्याच्या पट्टीतल्या, मग माझ्या. आबांची बाज अजून पलीकडंच असते. परवा हरणं आली तेव्हा त्यांनी हळूच हाक मारली, "बघ रं." मी वळलो. ते धाकट्याला दाखवत होते. मी परत खाली वाकलो.