नंदूअण्णांच्या तोंडातलं परकं हाड

आमच्या ह्यांचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दुधाची पिशवी नाकाशी धरतात, माझ्या हातचा चहासुद्धा आधी ढवळून बघतात. नाहूरच्या आमच्या सोसायटीत तरी नंदूअण्णा म्हणून त्यांना मान आहे, तो गाऱ्हाण्यामुळे. माघी गणपतीला नारळ घेऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. हे काम ह्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन गाऱ्हाण्यात ह्यांची वरची कवळी निसटून नारळावर पडली. पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन म्हणाले, "सुगंधा, आता दुसरो कोणतरी बघूक सांग." मला फार लागलं ते. मीच त्यांना ओढत मुलुंडला डॉक्टर रश्मीकडे नेलं.

ती म्हणाली, पक्के दात बसतील, पण वरच्या जबड्याचं हाड झिजलंय. आधी तिथे हाडाची भुकटी भरायची, ती मुरली की स्क्रू, मग दात.

"भुकटी कोणाच्या हाडाची?" ह्यांनी डोळे बारीक केले.

"काही जनावराची असते, काही माणसाची. मेल्यावर दान केलेली."

जनावर म्हटल्यावर हे उठूनच उभे राहिले. कमरेचं स्वतःचं हाड काढायचं तर शुगर आडवी आली. शेवटी माणसाचं ठरलं, पण चौकशी संपेना. बाई होती की बाप्या? कशानं गेला? "तेचा बारावा-तेरावा झाला काय?"

"काका, नाव कळत नाही. तपासून, निर्जंतुक करूनच येतं."

"नाव लपवतत म्हणजे कायतरी भानगड आसा," हे जिन्यात मला म्हणाले.

भुकटी भरली आणि घरात संशयाचा मुक्काम पडला. जन्मात न खाल्लेलं कारलं एकदा मागून घेतलं, आणि घास तसाच धरून बसले. "ह्या माका आवडणा नाय. तेका आवडत आसात."

"मेलेल्याला कारलं कशाला हवंय? गिळा मुकाट्यानं," मी म्हटलं.

मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. परक्या हाडानं देवाशी बोलतो कळलं तर लोक "व्हय" म्हणणार नाहीत, ही धास्ती. मधल्या माघीला तर तापाचं निमित्त करून घरात बसले.

यंदा नवे दात घेऊन उभे राहिले. आवाज खणखणीत. आजारी माणसांसाठी मागून झालं, बंद लिफ्टसाठीही झालं. मग थांबले. दात हलला की काय, म्हणून मी पुढे सरकले.

"आणि महाराजा, ज्येच्या हाडावर माझे दात उभे आसत, तो कोण माका ठाऊक नाय. तेच्यासाठी मागणारा कोण नसात, तर मी मागतंय. तेका सुखात ठेव रे महाराजा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे फक्त माझ्याकडे बघत होते.

"व्हय महाराजा," मी एकटीच म्हणाले.

मग मागून एकेक करत सगळे म्हणाले.