स्कूटी शिकलेल्या मावशी

खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं की नाही, या विचारात मी औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात बसले होते. शेजारी खुलताबादकडच्या एक मावशी होत्या. साठीच्या, उजवं मनगट सुजलेलं. तेच मनगट त्या सारख्या हवेत पिळत होत्या आणि कळ आली की ओठ चावत होत्या.

"लेकीनं स्कूटी घेऊन दिली," त्या डोळे मोठे करून म्हणाल्या. "जलमभर शेळ्यांमागं पायी फिरले. आता गाडी येती मला! पर रेस पिळली की कळ निघती. आज सुई घेतेच."

"गुण काही महिनेच टिकतो म्हणतात. पुन्हा दुखलं तर?"

"दुखू दे मंग! तवर दौलताबादचा घाट उतरून येते का नाय बघा!"

थोड्या वेळानं मनगटाला पट्टी लावून त्या लगबगीनं बाहेर आल्या.

"बाई, डॉक्टर म्हंतेत दोन दिवस गाडी धरू नका. आजचा दिस धरूनच दोन असतील, व्हय ना?" उत्तराची वाट न बघता त्या निघूनही गेल्या.

मी इतके दिवस सुईलाच घाबरत होते. खांदा मोकळा झाल्यावर काय करायचं, हे ठरवलंच नव्हतं. माझं नाव पुकारलं, तेव्हा तेच ठरवत मी आत गेले.