नऊ वर्षांचा पुरावा

पुसेलेत्सो मोखेले सत्तावन्नाव्या वर्षी नोकरीत कायम झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या विद्यापीठातल्या वसतिगृहाची झाडलोट ती एकोणीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली करत होती. आता विद्यापीठानंच सफाईच्या सगळ्या बायकांना आपल्या पदरी घेतलं, त्यामुळे मेडिकल एडचा, म्हणजे आरोग्यविम्याच्या योजनेचा, फॉर्म हाती आला. तिला तो हवाच होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, आणि सरकारी इस्पितळातली यादी काही पुढे सरकत नव्हती.

कचेरीतल्या मोएकेत्सीनं फॉर्म उलटसुलट केला. "म्मे," तो आईला हाक मारावी तसं म्हणाला, "पहिले तीन महिने काही मिळायचं नाही. डोळ्याचं वर्षभर नाही. वर उशिरा आलात म्हणून दंड. हप्त्याच्या निम्मा जादा, कायमचा."

"उशिरा? ठेकेदारानं कधी एडच्या दारात तरी उभं केलं का?"

"नियम माझा नाही, म्मे. पस्तिशीनंतर एडशिवाय गेलेली वर्षं मोजतात. तुमची बावीस. आधी कुठं सभासद होतात?"

"मयतीचा खर्च उचलणाऱ्या मंडळात. सव्वीस वर्षं, एक महिना चुकवला नाही."

"ते मेल्यावरचं झालं. मी जिवंतपणीचं विचारतोय. नवऱ्याच्या कार्डावर नाव असलं, अगदी पस्तिशीच्या आधी, तरी ती वर्षं वजा होतात."

"नऊ वर्षं होतं," पुसेलेत्सो म्हणाली. रेल्वेतल्या टेफोच्या, आता वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याच्या, कार्डावर तिनं नऊ वर्षं काढली होती. आयुष्यातली ती वर्षं ती कधी मोजतच नसे.

"नऊ गेले, तेरा राहिले," मोएकेत्सी म्हणाला. "मग दंड निम्मा नाही, चौथाई. पण ती जुनी योजना कधीच बंद पडली. हाताशी काही कागद असेल तर शपथपत्र करून आणा."

रात्रीच्या जेवणाआधी लेक लिनेओनं आपलं शहाणपण पाजळलं. "आई, डोळ्याचं लिहूच नकोस. कोण बघतंय?"

"आणि ऑपरेशनच्या वेळी कळलं म्हणजे? सभासदत्वच रद्द. एका डोळ्यानं का होईना, ओळ न् ओळ वाचलीय मी."

"मग कागदासाठी बाबांकडे जाशील?"

"त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची नाही."

तिनं कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. तळाशी इस्पितळाचे दोन कागद होते. पहिला लिनेओच्या जन्माचा, दुसरा नऊ वर्षांनंतरचा: डावं मनगट मोडलं, प्लास्टर. दोन्हींवर टेफोचा तोच सभासद क्रमांक आणि खाली तिचं नाव. दुसरा तिनं कोर्टासाठी जपला होता, पण कोर्टाची पायरी काही चढली नव्हती.

"तू तर म्हणायचीस, कपडे वाळत घालताना पडलीस."

"म्हणायचे. मोरोहोची पालेभाजी गार होतेय, जेव."

शनिवारी ती पोलीस ठाण्यात गेली; शपथपत्र तिथंच करून मिळे. पंचवीस वर्षांपूर्वी याच ठाण्यात ती मोडलेला हात गळ्यात बांधून आली होती, तेव्हा टेबलामागच्या माणसानं मिटलेल्या वहीवर कोपर टेकून सांगितलं होतं, घरचं घरात मिटवा. आज तिथं वेण्या घातलेली एक तरुण पोरगी बसली होती. तिनं भराभर लिहून वाचून दाखवलं. "'सदर नऊ वर्षं मी पतीवर अवलंबून होते.' बरोबर?"

"बरोबर. मनगट कशानं मोडलं ते राहिलं."

"ते लागत नाही, म्मे. क्रमांक पुरतो."

"मला लागतं. लिही. नवऱ्यानं मोडलं. इथंच सांगायला आले होते, पण वही उघडली नाही."

पोरीचं पेन थांबलं. तिनं एकदा पुसेलेत्सोकडे पाहिलं आणि सगळं लिहून घेतलं. पुसेलेत्सोनं हात वर करून शपथ घेतली. शिक्का बसला.

तीन आठवड्यांनी योजनेचं पत्र आलं. नऊ वर्षं मान्य, दंड चौथाई, डोळ्याला मात्र वर्षभर थांबायचं. पुसेलेत्सोनं पत्र दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि शपथपत्राची प्रत लिनेओच्या हातात ठेवली.

"डोळ्याला अजून वर्ष आहे," ती म्हणाली. "तू वाच. मोठ्यानं."