वेगळं होण्याचं इंग्रजी

आज लेक तिच्या नव्या फ्लॅटवर सामान हलवतेय. खोक्यांच्या चिकटपट्टीचा वास आला आणि घाटकोपरची आमची चाळ आठवली. सासूबाईंच्या त्या घरातून मी आणि नवरा मुलुंडला वेगळं बिऱ्हाड थाटायला निघालो होतो. मला इतका आनंद झाला होता की त्याचीच लाज वाटत होती, म्हणून मी मुद्दाम तोंड पाडून आवरत होते.

तेव्हा मी इंग्रजीच्या क्लासला जायची. मालवणी सासूबाईंनी पाळणा हुकातून काढला आणि विचारलं, "ह्येका काय म्हणतत?"

"अनहूक."

मी गाठोडं सोडलं. त्यांनी विचारलं, "आणि ह्येका?"

"अनटाय." मग मी गॅसची नळी काढली आणि स्वतःच म्हटलं, "डिटॅच."

"आणि सून सासूपासून सुटता, तेका?"

"रिलीज!" पटकन निघून गेलं आणि मी जीभ चावली.

त्या खो खो हसल्या. "मगे हस गो मोठ्यान! माझ्या सासूपासून वेगळी झालंय तेव्हा मी नाचलंय!" आणि त्यांनी घरच्या विरजणाची वाटी माझ्या हातात ठेवली.

तो आनंद इतकी वर्षं मी कुणाला सांगितला नाही. आज लेक माझ्यासारखीच मुद्दाम तोंड पाडून खोकी बांधतेय. मी विरजणाची वाटी तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हस गं मोठ्याने."